चौथी तार

विमान एकदा हवेत गेलं की ते मला कधी आपलं वाटलं नाही. तिथे ते वैमानिकाचं. माझं विमान जमिनीपासून चार फुटांत संपायचं: टायर, ब्रेक, चाकांचे पाय, ते पाय आत-बाहेर करणारी यंत्रणा. विश्रांतवाडीहून स्कूटरवर निघायचं, वाघोली मागे टाकायची, आणि पुढे माळावरच्या आमच्या उड्डाण शाळेच्या हँगरमध्ये दिवसभर विमानांच्या पायाशी बसायचं, हे मी एकतीस वर्षं केलं. सोसायटीतल्या बायकांना मी विमानाच्या शाळेत आहे एवढंच ठाऊक. त्यातल्या एकीने, 'म्हणजे हवाई सुंदरींना शिकवता का हो?' असं माझ्याकडे आपादमस्तक पाहून विचारलं होतं. तिच्या स्वरातली शंका रास्त होती.

लोकांना वाटतं विमानाचं अवघड काम म्हणजे उडणं. उडायला ते तयारच असतं. अवघड असतं ते परत जमिनीला टेकणं, कारण टन-सव्वाटन वजन, मोटारीच्या वेगाने, मनगटाएवढ्या जाडीच्या तीन पायांवर येऊन बसतं. एका इंजिनाच्या छोट्या विमानांचे पाय बहुधा कायम बाहेरच असतात. काही विमानांत मात्र ते उड्डाणानंतर पोटात घेता येतात. वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. ज्यांना पुढे मोठी विमानं चालवायची आहेत त्यांना याची सवय हवी म्हणून आमच्याकडच्या चार विमानांपैकी एक तसलं होतं. पाय वर-खाली करायला वैमानिकासमोर एक लिव्हर. पाय पुरता खाली येऊन कुलूपबंद झाला की समोर हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन दिवे. उतरण्याआधी तीन हिरवे दिसले पाहिजेत, आणि ते मोठ्याने म्हटले पाहिजेत. आमच्या शाळेत मुलं स्वतःचं नाव विसरतील, पण 'तीन हिरवे' म्हणायला विसरत नसत.

विसरायचे ते अनुभवी लोक. भोसरीला पंपांचा कारखाना असलेले एक गृहस्थ स्वतःचं विमान आमच्या हँगरला ठेवत. ते फार टापटिपीचे होते, टायरवर चिखलाचा ठिपका दिसला तरी मला बोलावून दाखवत. एका रविवारी ते इतक्या सुबकपणे उतरले की पाहणाऱ्याने वाहवा करावी, फक्त चाकं पोटातच होती. विमान पोटावर घसरत गेलं, पंख्याची पाती वळली आणि धुरळा खाली बसल्यावर साहेब दार उघडून शांतपणे पायउतार झाले. मी अहवाल लिहायला घेतला तर म्हणाले, "मॅडम, विसरलो असं लिहू नका. लक्षात आलं नाही असं लिहा." मी तसंच लिहिलं. गिऱ्हाइकाचा मान राखावा. मनातून मात्र मला हसू आलं होतं आणि थोडा तोराही वाटला होता, की चुका करतात ते वरचे लोक, आपण खालचे मोजूनमापून काम करतो.

मोजण्याचं खरंच वेड होतं आम्हाला. हँगरच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली; संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी ती वस्तू सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. तारेचंही तसंच. विमानातला नट थरथरीने सैल होऊ नये म्हणून तो बारीक पोलादी तारेने शेजारच्या नटाला जखडतात आणि तार पकडीने पिळून घट्ट करतात. तिला आम्ही लॉकिंग वायर म्हणतो. ती सुटत नाही, तुटत नाही, म्हणूनच वापरतात. कापलेला प्रत्येक तुकडा डब्यात जायचा, आणि डबा रिकामा करणाऱ्या शिंद्यांना मी तुकडे मोजायला लावायची. शिंदे वाघोलीचे, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. ते म्हणत, "बाई, एवढं तर आमी पोरंबी मोजली न्हाईत."

आता त्या दसऱ्याचं सांगते.

दसऱ्याला हँगरमध्ये पूजा असायची. पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं पुसून मांडायचं, चारही विमानांना हळदकुंकू लावायचं आणि पुढच्या पायाला झेंडूचा हार घालायचा. सगळ्यात मोठा, आपट्याची पानं गुंफलेला हार चाकं आत घेणाऱ्या विमानाला, कारण त्याचं आम्हाला कौतुक जास्त. माळावर वारा फार. आदल्या वर्षी फोटो निघायच्या आत हार उडून पार कुंपणाला जाऊन अडकले होते. म्हणून त्या वर्षी मी प्रत्येक हार पायाच्या वरच्या भागाला लॉकिंग वायरने बांधला. पकड घेऊन पीळ दिला, टोक आत दुमडलं. इतकी वर्षं जे करत आले तेच हाताने आपसूक केलं, आणि मागे सरून पाहिल्यावर छान दिसलं म्हणून मला बरंही वाटलं. ते तारेचे चार तुकडे कोणत्याही कामाच्या कागदावर नव्हते. पूजा हे काही काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंद्यांनी हार काढून निर्माल्याच्या टोपलीत टाकले. चाकं आत घेणाऱ्या विमानाच्या तपासणीला मी वाकले, पायावर फुलं दिसली नाहीत, तेल गळताना दिसलं नाही, बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी पुस्तकात सही केली आणि विमान उड्डाणाला मोकळं केलं.

ते घेऊन गेली आफरीन. खडकीची मुलगी, बावीस वर्षांची, शिकाऊ पण बरेच तास झालेली. बोलायची कमी, लिहून घ्यायची फार. त्या दिवशी ती एकटीच होती. तासाभराने परतली तेव्हा मी हँगरच्या तोंडाशी होते. विमान धावपट्टीच्या दिशेला वळलं आणि उतरायच्या ऐवजी वरून तसंच पुढे निघून गेलं. रेडिओच्या खोलीतून कॅप्टन देवधरांनी हाक मारली. हे आमचे मुख्य प्रशिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता आणि तेव्हाही चढलेला नव्हता. म्हणाले, मॅडम, दोनच हिरवे आहेत, पुढच्या पायाचा दिवा लागत नाहीये.

दिवा लागत नाही याचे अर्थ दोन. बहुतेक वेळा बल्ब गेलेला असतो. क्वचित पाय खरोखरच कुलूपबंद झालेला नसतो, आणि मग वजन पडलं की तो दुमडतो, नाक जमिनीवर आपटतं, पुढे काय होईल ते वेगावर आणि नशिबावर. कॅप्टनांनी तिला बल्ब अदलाबदल करून बघायला सांगितलं. शेजारचा चांगला बल्ब तिथे लावला, तरी दिवा नाही. मग विमान खालून दिसावं म्हणून तिला धावपट्टीवरून कमी उंचीने जायला सांगितलं. मी दुर्बिणीतून पाहिलं. पाय सरळ खाली होता. पण कुलूप म्हणजे पायाच्या वर, आत बसलेला, बोटाएवढा एक आकडा. तो खुंटीवर पुरता बसला आहे की नाही हे खालून ब्रह्मदेवालाही दिसणार नाही.

दुर्बीण खाली घेतली तेव्हा शिंदे शेजारी उभे होते. त्यांनी निर्माल्याची टोपली माझ्या पायाशी उपडी केली. चार हार. तीन हारांना पिळलेली तार लोंबत होती. आपट्याच्या पानांचा मोठा हार नुसत्या दोऱ्याचा होता.

"बाई, मी दोरा कापला," शिंदे म्हणाले. "तार मला दिसलीच न्हाई. ती वरच हाय."

मला सगळं चित्र दिसलं. विमान जमिनीवर होतं तोवर आकडा बंद होता आणि तारेचं कडं त्याच्या वर निमूट बसलं होतं. हवेत पाय आत घेताना आकडा उघडला, कडं सरकलं आणि आकड्याच्या तोंडात पडलं. आता पाय खाली आला होता, आकडा मिटायला बघत होता आणि मध्ये माझी तार होती. सुतळी असती तर तुटली असती. ही तुटणारी नव्हती.

मी रेडिओच्या खोलीत धावले आणि कॅप्टनांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तिला एवढं सगळं सांगायला नको, एकटी आहे, घाबरेल. बल्बचा घोटाळा आहे असं समजून ती नेहमीसारखी उतरली तर हात तरी स्थिर राहतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शिवाय खरं सांगते, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. न सांगण्याला कॅप्टनांची परवानगी मिळाली होती, आणि माझी चूक निदान तासभर तरी त्या खोलीतच राहिली असती.

पण बल्बचा घोटाळा समजून ती नेहमीसारखी उतरली असती तर नाकही नेहमीसारखं खाली टेकवलं असतं. आणि तिने लिव्हरला हात लावला तर? दिवा लागत नसेल तर पाय एकदा आत घेऊन पुन्हा बाहेर काढून बघा, हेच आम्ही मुलांना शिकवतो. आता पाय आत गेला असता तर ती तार कुठे जाऊन अडकेल, आणि पाय परत बाहेर येईल की नाही, हे मला सांगता आलं नसतं. मी कॅप्टनांना म्हटलं, मला बोलू द्या. त्यांनी माईक माझ्यापुढे सरकवला. रेडिओवर बोलायचं ते इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत. मला त्यातला एकही शब्द आठवेना.

"आफरीन, मी हँगरमधून बोलतेय. लिव्हरला हात लावू नकोस. पुढच्या पायाच्या कुलपात तार अडकली आहे. कालच्या हाराची. मी बांधलेली. पाय खाली आहे, पण कुलूप अर्धवट लागलं असावं. चूक माझी आहे."

रेडिओ खरखरला. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू.

"बरं मॅडम. मग नाक किती वेळ वर धरायचं?"

मी कॅप्टनांकडे पाहिलं. त्या माणसाने आयुष्यात काय काय पाहिलं असेल, पण त्या एका प्रश्नाने त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी माईक घेतला आणि तेही मराठीतच बोलू लागले. मागची दोन चाकं आधी टेकव. टेकली की इंजिन बंद कर. दांडी पोटाशी ओढून धर आणि सोडू नकोस. नाक आपोआप खाली येईल तेव्हाच येऊ दे. ब्रेकला पाय लावू नकोस. पट्टा आवळून घे, दाराची कडी आधीच उघडून ठेव. ती प्रत्येक वाक्यानंतर तेच वाक्य परत म्हणून दाखवत होती, वहीत लिहून घेतल्यासारखं.

आगीचा बंब धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबला. शिंदे आणि दोघे मेकॅनिक गवतात उभे राहिले. मी त्यांच्यापाशी गेले, कारण खोलीत राहणं मला शक्य नव्हतं.

विमानं उतरताना मी हजारो वेळा पाहिली आहेत. पाहिली म्हणजे काय, मान वर न करता आवाजावरून ओळखली आहेत. तसं उतरणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मागची चाकं टेकली तेव्हा आवाजच झाला नाही, नुसती धुळीची रेघ उठली. इंजिन थांबलं. पंख्याची पाती दिसू लागली आणि विमान नाक वर करून धावपट्टीच्या बरोबर मधोमध निमूट धावत राहिलं. वेग कमी होत होता, आता नाक पडेल असं वाटायचं आणि पडायचं नाही. माळावर एवढी शांतता होती की टायरची घरघर ऐकू येत होती. ती मुलगी आत बसून नाक वर-खाली करणाऱ्या त्या दांडीवर काय करत होती ते मला आजही कळलेलं नाही. शिकवून येणारी ती गोष्ट नव्हे. शेवटी नाक खाली आलं ते झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं. चाक टेकलं. पाय थरथरला. दुमडला नाही. विमान आणखी थोडं पुढे जाऊन थांबलं.

आम्ही धावलो. तिला हातानेच आतच थांब म्हणून खुणावलं. दोघांनी शेपटीवर वजन टाकून नाकावरचा भार काढला, शिंद्यांनी पुढे टेकू लावला, तेव्हा कुठे तिला उतरू दिलं. मी विजेरी घेऊन खाली आडवी झाले आणि वर पाहिलं. आकडा खुंटीवर होता. किती? तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर जेवढा, तेवढा. बाकीच्या जागेत माझी तार चेपून चपटी झाली होती. एवढ्याशा टेकण्यावर ते सगळं वजन थांबलं होतं. जरा जोरात नाक टेकलं असतं, ब्रेक लागला असता, एखादा खडा आला असता, तर नसतं थांबलं. मी तिथे पाठीवर पडल्या पडल्या हात जोडले. ते कोणाला जोडले हे तेव्हा माहीत नव्हतं. आता वाटतं की त्या मुलीलाच.

ती माझ्या शेजारी येऊन वाकली आणि आकडा बघू द्या म्हणाली. बराच वेळ पाहत राहिली. मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "माझा हात लिव्हरवरच होता मॅडम. पाय आत घेणारच होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला."

अहवाल मी स्वतः लिहिला. विसरले असंच लिहिलं, लक्षात आलं नाही असं नाही. वरच्या कार्यालयाने सहा महिने माझा सहीचा अधिकार काढून घेतला. मी ते सहा महिने शिंद्यांच्या हाताखाली काम केलं आणि मला ते जड गेलं नाही. एकाच गोष्टीचं अजून वाईट वाटतं, की आम्ही इतकं सगळं मोजत होतो आणि भक्तिभावाने केलेली गोष्ट मात्र मोजायची राहिली. आता तिथे हार बांधतात तेव्हा त्याचाही कागद करतात. तरुण मेकॅनिक हसतात, पण भरतात.

त्या दिवसाचा शेवट मात्र अहवालात नाही. दुपारी आफरीन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, अब्बा पाचला न्यायला येतील, त्यांना यातलं काही सांगू नका, नाहीतर उद्यापासून पाठवणार नाहीत. तिची शेवटची उड्डाण परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सकाळी एकदा न सांगण्याचा मोह झाला होता, तो दुसऱ्यांदा झाला, आणि या वेळी तर सबबही चांगली होती.

पाचला तिचे वडील स्कूटरवर आले. इक्बालभाई खडकी बाजारात शिंपीकाम करतात, लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवतात. मापाची फीत गळ्यातच राहून गेली होती. आफरीन माझ्याकडे रोखून पाहत होती. मी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं: हार, तार, सही, आणि तुमची मुलगी तिच्या स्वतःच्या हातांनी वाचली, माझ्यामुळे नाही. सांगून झाल्यावर ते धावपट्टीकडे बघत बसले. आता हा माणूस उठेल आणि मुलीला कायमची घेऊन जाईल, आणि त्यांना अडवायला माझ्याकडे तोंड नाही, असं मला वाटलं.

"मॅडम, आमच्या धंद्यात टाचणी राहते," ते म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही. म्हणून कपडा देण्याआधी मी त्याच्यावरून हात फिरवतो. चाळीस वर्षं झाली, तरी फिरवतो."

मग ते उठले, आफरीनपाशी गेले आणि तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवरून तळहात फिरवला, अगदी सावकाश, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. ती मान खाली घालून उभी राहिली. हात काढून घेतल्यावर त्यांनी स्कूटरला किल्ली लावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "उद्या हिला किती वाजता आणून सोडू?"